आतून पुसलेली काच

चाकं

खेळातल्या गाडीची चाकं पळतात. टेबलावर ठेवून बोटानं जरा ढकललं की गाडी सुसाट पलीकडच्या कडेला. वरून दाबलं तर बसते, सोडलं की उसळते. संग्रहातल्या गाडीची चाकं नुसती बघत राहावीत अशी असतात... खऱ्या रबराचे टायर, टायरवर केसाएवढ्या रेघा, आत ब्रेकची चकतीसुद्धा. पण ती पळत नाहीत. गाडी खालून स्क्रूनं पाटाला आवळलेली असते, जन्मापासून जागच्या जागी.

मामाच्या दुकानात दोन्ही जातींच्या होत्या. सगळ्या जपानी बनावटीच्या आणि बहुतेक कुणाच्या तरी घरातून, कुणाच्या तरी मागे उरलेल्या. खेळातल्या उघड्या फळीवर, संग्रहातल्या कुलपाच्या काचकपाटात. कोणती कुठे जायची हे ठरवायचं काम भाचीचं. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर बसायची, म्हणून गिऱ्हाइकं तिला भिंगवाली म्हणत. मामा चिमे म्हणायचा, आणि त्या थंडीच्या दिवसांत जरा चढ्या आवाजात म्हणायचा.

"चिमे, तुला काही उद्योग नाही का?"

"आता काय केलं मी?"

"हे बघ!"

फळीवरच्या सगळ्या गाड्यांची नाकं दाराकडे वळलेली होती. आजही.

"मी नाही केलं, मामा."

"मग काय माझ्या आजोबांनी केलं? काल जाताना मी स्वतःच्या हातानं आडव्या लावल्या होत्या."

"रस्त्यावरून ट्रक जातात. फळी हादरते."

"ट्रक हादरवतील गं. असं कवायतीसारखं वळवतील होय?"

ती हसली. पण मामा आत गेल्यावर तिनं गाड्या पुन्हा आडव्या लावल्या, तेव्हा तिची बोटं गार पडली होती. कुणाची तरी वाट बघावी तशा दिसत होत्या त्या...

दुपारी तो आला.

काखेत हातभर लांबीचं खोकं. काउंटरपाशी येऊन त्यानं खिशातून एक छोटी गाडी काढली आणि ठेवली. पांढरी, पोपडे उडालेली, एक दार निखळलेलं. गाडी आपणहून सरकत आली आणि भिंगवालीच्या बोटांना टेकून थांबली.

"उतार आहे वाटतं टेबलाला," तो म्हणाला.

"नाही..." टेबल तिनंच पाणसळ लावून बसवून घेतलं होतं. "सपाट आहे."

"मग तिला तुम्ही आवडलात."

"गिऱ्हाइकं पहिल्याच वाक्याला इतकी गोड बोलली, की मी समजते, माल खराब आहे."

तो मोकळेपणी हसला. मग खोकं पुढे सरकवलं. आत, पारदर्शक झाकणाखाली, तीच गाडी. तोच पांढरा रंग, तीच बसकी पाठ, पण कुणाचा हात न लागलेली. झाकणाच्या कडेनं कारखान्याची चिकटपट्टी, अजून शाबूत.

"एक खेळायची, एक ठेवायची. बाबांनी एकाच दिवशी घेतल्या होत्या. ही मला, ती त्यांना. म्हणाले, रिटायर झालो की उघडेन." त्याचा पाय काउंटरखाली जमिनीवर दाबला गेल्याचा आवाज आला. "माफ करा. सवय आहे. मी गाडी शिकवतो. आमच्या डावीकडच्या सीटला स्टिअरिंग नसतं, नुसता ब्रेक. त्यामुळे कठीण काही बोलायची वेळ आली की पाय आपोआप दाबला जातो."

भिंगवालीनं छोटी गाडी उचलली होती. तिच्या टपावर नखाएवढा लाल कागद चिकटवलेला होता. त्यावर एल.

तिनं गाडी खाली ठेवली. फार हळू ठेवली.

काच

खेळातल्या गाडीची काच म्हणजे एक निळसर तुकडा, त्यापलीकडे काही दिसलं नाही तरी चालतं. संग्रहातल्या गाडीची काच काचेसारखीच असते. आतली सीट, सीटचे टाके, पट्ट्याचं बक्कल, सगळं दिसावं म्हणूनच तिची किंमत.

"दिसतच नाहीये," तो म्हणाला. "म्हणून आलो. आधी स्वच्छ होती. बाबा गेल्यावर धुरकटत गेली... आतून."

"होतं असं." हे बोलायला तिला सोपं होतं. "सीटचं, टायरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते हळूहळू हवेत सुटतं. बंद खोक्यात जायला वाट नाही. मग काचेवर बसतं. पुसायचं तर पट्टी कापावी लागेल. आणि एकदा पट्टी कापली की ही संग्रहातली राहिली नाही."

"मग काय होईल?"

"फळीवर जाईल. खेळात."

"तेवढं वाईट नाही ते," तो म्हणाला. "पण... हे काय आहे?"

तिनं भिंग लावलं. सगळ्या काचा दुधासारख्या पांढऱ्या. फक्त डावीकडच्या पुढच्या काचेवर एक गोल जागा स्वच्छ होती. कडा पुसट, एका बाजूला जरा ओघळ. गाडीत बसलेल्या माणसानं बाहेर बघायला तळहातानं वाफ पुसावी... अगदी तशी.

ती खोकं दोन्ही बाजूंनी धरून बराच वेळ बघत राहिली.

"ठेवून जा," ती म्हणाली. "विचार करा उघडायची का. उद्या सांगा."

"उद्या येऊ ना, नक्की?"

"दुकान सगळ्यांना उघडं असतं."

"मी दुकानाचं विचारलं नाही."

तो गेला. गेल्यावर तिच्या लक्षात आलं, फळीवरच्या गाड्या पुन्हा दाराकडे वळल्या होत्या. ह्या वेळी भरदुपारी, आणि ट्रक एकही गेला नव्हता.

सीट

तिला एल लिहिलेला तो टप माहीत होता. खरा टप. खरी गाडी.

गाडी शिकवणारे मोठे मास्तर भलते बडबडे. तोंडात सदा पेपरमिंटची गोळी, आणि गोळीच्या आडून सूचना. क्लच सोड, अगं हळू, मांजर आहे का ते... आरसा बघ, आरसा केस बघायला दिलेला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मी बोलतोय म्हणजे चुकतंय. मी गप्प बसलो की समजायचं, बरोबर चालवतेस."

तिच्या वाट्याला त्यांचं गप्प बसणं कधी आलंच नव्हतं. आणि मग एका सकाळी, मैदानाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, ते गप्प बसले.

तिला इतका आनंद झाला!

तिनं मैदानाची फेरी पुरी केली. मास्तर गप्प. मग हौसेनं आणखी एक फेरी. वळणं लोण्यासारखी. गिअर न खरखरता पडत होते. डावीकडे बघायची तिची हिंमत नव्हती, बघितलं आणि ते पुन्हा बोलायला लागले तर? शेवटी तिनं गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला, मोठ्ठा श्वास घेतला आणि हसत वळून म्हणाली, "सर, जमलं ना?"

तेव्हापासून ती स्टिअरिंगला शिवली नव्हती. आणि तेव्हापासून तिला डावीकडची शांतता सोसत नव्हती. दुकानात तिनं काउंटर असा लावून घेतला होता की डाव्या खांद्याला भिंत यावी. जेवायलासुद्धा ती भिंतीकडेच बसायची. मामा म्हणायचा, भिंतीशी लग्न लागलंय हिचं.

एकच गोष्ट ती रोज स्वतःला विचारायची. त्यांनी ब्रेक दाबायचा प्रयत्न केला होता का? पाय नेला होता का तिथवर? ती जेव्हा मजेत गुणगुणत वळण घेत होती तेव्हा डावीकडे एक माणूस तिला थांबवायला बघत होता का?

आणि आता त्यांचा मुलगा रोज दुकानात येऊन स्टूलवर बसत होता. मामा त्याला धाकटे मास्तर म्हणायला लागला होता. आणि तिला... तिला त्याचं हसणं आवडायला लागलं होतं. सांगितलं तर तो जाईल. नाही सांगितलं तर तो आपल्याशी हसतोय ते कुणाशी हसतोय?

दारं

"आजही ठरलं नाही?"

"घाई काय आहे? तुमचं स्टूल बरं आहे. डुगडुगतं, पण माझ्या विद्यार्थ्यांइतकं नाही."

"विद्यार्थ्यांना असंच बोलता?"

"त्यांना फार बोलत नाही. मी गप्प शिकवतो. ती माझी खोड आहे, बाबांच्या उलट." त्यानं छोट्या गाडीचं उरलेलं एक दार उघडलं, मिटलं, उघडलं. "हे दार मी तोडलं. मग रडलो. बाबा म्हणाले, तुटलं म्हणजे ती तुझी झाली."

"आणि मोठीची दारं?"

"तिची उघडतात तरी का?"

"उघडतात. बोटानं नाही, चिमट्यानं. बिजागऱ्या खऱ्या असतात. फटीत कागद जात नाही इतकी चपखल बसतात." ती बोलता बोलता रंगली. "म्हणजे, उघडायची सोय सगळी केलेली असते. फक्त कुणी उघडत नाही."

"तुमच्यासारखं," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. गाडीबद्दल बोलत होतो."

"बरं."

"बरं काय... लाजलात तुम्ही."

"थंडी आहे," ती म्हणाली. "नाक लाल होतं माझं थंडीत."

"मी नाकाबद्दल बोललोच नाही."

आतून मामा खाकरला. धाकट्या मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला गेला, आणि दोघं एकदम हसली.

तो निघाल्यावर तिनं मोठं खोकं उजेडात धरलं. पुसलेला गोल आता मोठा झाला होता. आत सीट दिसत होती. डावीकडची. रिकामी.

उजवीकडची काच तशीच पांढरी.

तिनं खोक्याला कान लावला. आत आवाज नव्हता. पण तो नसलेला आवाज तिच्या ओळखीचा होता.

आवाज

खेळातल्या गाडीचा आवाज पोरं तोंडानं काढतात. संग्रहातल्या गाडीचा कुणी काढत नाही.

पट्टी

दुसऱ्या दिवशी तो स्टूलवर बसला नाही. काउंटरची फळी उचलून सरळ आत आला, आणि भिंत आणि ती यांच्यात जी वीतभर जागा होती, त्यात अंग चोरून उभा राहिला. तिच्या डावीकडे.

"इथून काय दिसतं, बघावं म्हटलं."

तिला श्वास घेता येईना. मग तिच्या लक्षात आलं, तो श्वास घेतोय, आणि तो ऐकू येतोय. किती बरं वाटलं तिला. त्या बरं वाटण्यानंच तिचा बांध फुटला.

"ती मुलगी मी होते," ती समोर बघत म्हणाली. "तुमच्या बाबांच्या शेवटच्या... गाडी मी चालवत होते. मला कळलंच नाही. मला वाटलं मी छान चालवतेय. मी आणखी एक फेरी..."

पाय दाबल्याचा आवाज आला. ती वाट बघत राहिली, आता तो जाईल.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही खोकं दोन्ही बाजूंनी धरलंत ना, असं... दवाखान्यात बाकावर एक मुलगी अशीच बसली होती. हात हवेत, स्टिअरिंग धरल्यासारखे. मी समोरून कितीदा गेलो. तुम्हाला मी दिसलोच नाही."

"मग तुम्ही रोज का..."

"आधी एक विचारायला येत होतो. मग विचारलं की यायचं कारण संपेल, म्हणून नाही विचारलं."

"काय विचारायचं होतं?"

"डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, कुणाच्या हातात काही नव्हतं. ते ठीक. पण माझ्या शेजारी बाबा एकदाही गप्प बसले नाहीत हो. मी दुसऱ्यांना शिकवायला लागलो तरी मला म्हणायचे, इंडिकेटर. म्हणून विचारायचं होतं. तुमच्याजवळ ते गप्प बसले ते... कसे होते? घाबरून, की समाधानानं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी खोक्यावर पडलं. "मी रस्त्याकडे बघत होते. मीही रोज स्वतःला विचारते... त्यांनी ब्रेक दाबला होता का?"

त्यानं सुरी उचलून तिच्या हातात दिली.

"उघडा."

"परत बंद होणार नाही."

"बाबा रिटायर झाले," तो म्हणाला.

पेडल

पट्टी कापली. झाकण उचलताना खोक्यानं श्वास सोडला. गार दुकानात कोमट श्वास, आणि त्यात पेपरमिंट.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.  

तिनं चिमट्यानं डावीकडचं दार उघडलं. बिजागरी आवाज न करता फिरली. आत छोटी बॅटरी धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि वाकली. सीटचे टाके. पट्ट्याचं बक्कल. उजवीकडे स्टिअरिंगखाली तीन पेडल, एकेक तांदळाच्या दाण्याएवढं. आणि...

"बघा तुम्ही," ती म्हणाली.

भिंग एकच. तो वाकला तेव्हा त्याचा गाल तिच्या गालाला लागला, आणि दोघांपैकी कुणीही बाजूला झालं नाही.

डावीकडे, पायाशी, चौथं पेडल होतं.

"शिकाऊ गाडीचं मॉडेल काढतात का हो असं?" त्यानं विचारलं.

"नाही काढत. खोक्यावरचं चित्र बघा. साधी गाडी आहे."

"मग हे आत कसं आलं? पट्टी तर आत्ता कापलीत तुम्ही."

ती पुन्हा भिंगातून बघत होती. उजवीकडची तीन पेडल तिरकी उभी होती, पाय नसताना असतात तशी. चौथं त्यांच्याच रांगेत, तितकंच तिरकं, तितकंच उभं.

"दाबलेलं नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"त्यांनी दाबलं नाही."

"अगं, म्हणजे ते नुसते बसले होते. तुझ्या शेजारी. आरामात."

त्याच्या तोंडून 'तुझ्या' गेलं होतं, आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. तिनं डोळे पुसले आणि भिंग काढून ठेवलं.

त्या दिवशी पांढरी गाडी पाटावरून मोकळी करून तिनं फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकान उघडून हिरमुसला.

"चिमे, आज काय संप आहे का ह्यांचा?"

सगळ्या गाड्या त्यानं लावल्या तशाच आडव्या होत्या. फक्त नव्या गाडीचं नाक दाराकडे होतं.

तिसऱ्या जातीची

ही खेळातली नाही आणि संग्रहातलीही नाही. टपावर लाल एल. उजवीकडच्या दाराला पोचा आहे, सीटचं कव्हर उसवलंय आणि हीटर चालत नाही.

"मला जमणार नाही," भिंगवाली स्टिअरिंगमागे बसून म्हणाली. रविवारची सकाळ होती, मैदानावर धुकं इतकं की गोलपोस्टसुद्धा दिसत नव्हता.

"नको जमू दे. इथेच बसू. लोक म्हणतील, ही दोघं गाडीत बसून काय करतात."

"तू गप्प बसलास तर मी उतरून जाईन."

"गप्प? मी? घराणं काय आमचं!"

ती डावीकडे वळली. मुद्दाम वळली, नीट बघितलं. आणि तिला हसू फुटलं. धाकटे मास्तर सीटवर चक्क मांडी घालून बसले होते.

"हे काय?"

"पाय वर घेतले. खाली असले तर दाबले जातात." तो गंभीरपणे म्हणाला. "आज ब्रेक तुझ्याकडे. सगळाच."

तिनं किल्ली फिरवली.

गाडी गचके खात निघाली, आणि तो बोलायला लागला. क्लच सोड, हळू, हां. काल एका बाईंनी माझी गाडी भाजीवाल्याच्या गाडीवर घातली, दुसरा गिअर, मामाला मी आवडतो का गं, आरसा बघ, तुझे केस छान आहेत पण आरसा मागचं बघायला असतो, डावीकडे घे, मला वाटतं मला तू आवडतेस, वळण आहे, वळण आहे, लक्ष कुठाय, म्हणजे वाटतं असं नाही, आवडतेसच, पहिल्या दिवसापासून, इंडिकेटर!

ती रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. धुकं फाटत होतं, रस्ता एकेक हात पुढे दिसत होता. वळण आलं. तेच वळण. गाडी लोण्यासारखी वळली.

आणि डावीकडचा आवाज थांबला.

"बोल!" ती ओरडली. "बोल ना!"

"काय बोलू?" तो हळूच म्हणाला. "तू उत्तर नाही दिलंस."

तिनं श्वास सोडला. तिचा हात गिअरवर गेला. त्यानं त्यावर आपला ठेवला, आणि तिसरा गिअर दोघांनी मिळून टाकला.

"मला पण," ती म्हणाली. "आवडतोस. आता पुढे बोलत राहा."

तो बोलत राहिला. दोघांच्या श्वासांनी आतल्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं मागचं बघायला आरशात पाहिलं. मागची काचही पांढरी. फक्त डाव्या बाजूला, कुणी तळहातानं पुसावी तशी, एक गोल जागा स्वच्छ होती. त्यातून मैदान मागे मागे जाताना दिसत होतं.

"मागे कुणी बसलं होतं का आज?" तिनं विचारलं.

"मागे? छे. मागच्या दारांची कुलपं कधीची अडकलीत. कुणी बसतच नाही. का गं?"

थंड हवेत पेपरमिंटचा वास होता.

"काही नाही," ती म्हणाली, आणि हौसेनं आणखी एक फेरी घेतली. धाकटे मास्तर एकसारखे बोलत होते. मागच्या सीटवरून एकही सूचना आली नाही.